आपल्या गल्लीचा रोड

सुजे,

तुला आणलं तेव्हासुद्धा गाडी रोडवरच थांबली. हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण तू जागी असतीस तर त्या ड्रायव्हरची काही खैर नव्हती. भर दुपार होती. हॉस्पिटलची गाडी गल्लीच्या तोंडाशी, तात्यांच्या ओट्यापाशी आली, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून आपल्या गल्लीत बघितलं आणि म्हणाला, "आत नाही जाणार. रोडवर उतरवून घ्या." तुझा मधुकर नुसता बघत राहिला. मी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं बाजूला वळले, आता तू सुरू होशील म्हणून. भांडायचं काम तुझं आणि मागे उभं राहून "बरोबर बोलतेय ती" म्हणायचं काम माझं, असंच चालत आलं होतं ना आपलं? आणि त्या दिवशी तू आत, चादरीखाली. गप्प. तुला गप्प बघायची मला सवयच नाही गं.

मग कुणीतरी तुझ्या घरातून खाट आणली. तीच. जी आडवी धरून तू अख्खी गल्ली मोजलीस, तिच्यावरच तुला ठेवलं, आणि आत नेलं. त्या दिवशी ती आडवी नव्हती, उभी होती. माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं, की अरे, खाट उलटी धरलीय यांनी, सुजा ओरडेल.

आता तुझ्या नसण्याला काही दिवस झालेत, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तुझे सिन्नरकडचे लोक परत गेले. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं ते जुनं भांडण अर्धवट ठेवून गेलीस, असं चालत नाही.

भांडण कसलं, तर एका शब्दाचं. रोड. कंपनीत जाता-येता, स्विचची खोकी भरता भरता, डबा खाताना, सारखं तेच. बाकीच्या बायका म्हणायच्या, ह्या दोघींना घरात काही कामं नाहीत का? तुझं म्हणणं, आपल्या गल्लीचा रोड झाला पाहिजे. माझं म्हणणं, गल्लीत काय वाईट आहे? तू म्हणायचीस, "नले, गल्लीत कोण येतं? गल्लीत आपणच येतो. रोडवर बघ, दिवा येतो, झाडूवाला येतो, डॉक्टर येतो. गल्लीला काही हवं असलं की तिला उठून रोडवर जावं लागतं."

शब्द इंग्रजांचा, पण तू तो असा काही वापरायचीस की जणू तुझ्या आजीनंच तो पाट्यावर वाटून दिलाय. तुझ्या माहेरी जायचं तर उतरायचं नाशिकरोडला. तू मला पहिल्यांदा सांगितलंस की स्टेशनच्या नावापुढे रोड लागला की समजायचं, गाव इथं नाही, गाव पुढे आहे, इथून आता तुझं तू बघ. तसंच वसईरोडचं. मी इतकी वर्षं ऐकत होते, कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि पत्त्यातला तो "ऑफ"! रेशनकार्डावर आपला पत्ता काय, तर ऑफ मरोळ रोड. म्हणजे रोडवर नाही, रोडच्या आसपास कुठेतरी. तुला त्या ऑफचा भयंकर राग. "जन्मल्यापासून ऑफच आहोत आपण," म्हणायचीस. "गावाला होतो तर गावाच्या ऑफ. वेशीबाहेर. मुंबईला आलो तर रोडच्या ऑफ. कधीतरी ऑन होऊ द्या की आम्हाला." दिवसभर स्विच भरणारी बाई तू, तुला हे सुचणारच. पण तू हसून बोललीस तरी तुझा आवाज हसत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

माझी भीती वेगळी होती, आणि ती अजून आहे, सुजे. ती तू कधी पुरती ऐकून घेतली नाहीस. आपल्याकडे लोक काय म्हणतात? "त्यांचं घर रोडमध्ये गेलं." किती सहज म्हणतात! माझी मावशी घाटकोपरला राहायची, तिचं घर रोडमध्ये गेलं. एक दिवस भिंतीवर लाल रंगाची रेघ आली, मग माणसं आली, मग भिंतच गेली. मावशीचं घर ओलांडून आता ट्रक जातात. म्हणून मी म्हणायचे, गल्लीला गल्ली राहू दे. गल्ली कुणाच्या डोळ्यात येत नाही. एकदा का रोड म्हटलं की कुणाला तरी तो रुंद करावासा वाटणारच. यावर तुझं उत्तर ठरलेलं, "तेव्हाचं तेव्हा बघू." हे काय उत्तर झालं? बाई गं, हे उत्तर नव्हे, हा निव्वळ हट्ट.

तरी एक दिवस मी तुझ्या बाजूनं झाले, ते माझ्या सासूबाईंमुळे. त्या मोरीत घसरल्या, खुबा गेला. तू धावत रोडवर गेलीस आणि टॅक्सी आणलीस. टॅक्सीवाला तात्यांच्या ओट्यापाशी थांबला आणि त्यानं तेच वाक्य टाकलं, "आत नाही येणार, रोडवर घेऊन या." मग सासूबाईंना खुर्चीत बसवून नेलं. दोन्ही बाजूंनी ओटे पुढे आलेले. दर उन्हाळ्यात डागडुजी काढायची आणि ओटा वीतभर पुढे सरकवायचा, ही आपल्या गल्लीची रीतच होती. समोरच्यानं सरकवला म्हणून आपण, आपण सरकवला म्हणून शेजारी. भांडण नाही, तंटा नाही, गल्ली आपली गुपचूप बारीक होत चाललेली. खुर्ची कुठे तिरकी होतेय, कुठे अडकतेय, आणि सासूबाई वरून मालवणीत सगळ्यांचा उद्धार करतायत, "मेल्यांनू, माका सरळ धरा रे! माणूस आसंय, गोणी नाय!" तू पुढे, मी मागे. तुला रडू येत होतं आणि हसूही. मी बघितलं ना.

हॉस्पिटलात प्लास्टर घालून पडल्या पडल्या सासूबाईंनीच निकाल देऊन टाकला. "जेच्यावरसून गाडी दारात येता, तो रोड. बाकी सगळी पाणंद." त्यांच्या गावाकडे घरामागच्या चिंचोळ्या वाटेला पाणंद म्हणतात. तू टाळी वाजवलीस. म्हणालीस, "झालं! म्हातारीनं सांगितलं! दारात गाडी आली की रोड. नले, आपल्याला कुणाकडे अर्ज करायची गरज नाही. गाडी आत आली पाहिजे, बस."

आणि मग तुझी ती खाट निघाली.

रविवारी सकाळी तू लोखंडी खाट बाहेर काढलीस आणि गल्लीच्या मधोमध आडवी धरलीस. मला म्हणालीस, "ते टोक उचल." मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. म्हणालीस, "फिरू दे, उचल." तुझा हिशेब साधा होता. खाट आडवी जिथून जाईल तिथून रिक्षा आरामात जाईल. तर एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या हातात, आणि आपण दोघी खेकड्यासारख्या तिरक्या चालतोय. मुलं मागे वरात घेऊन. खाट ज्याच्या ओट्याला लागली तिथे तू थांबायचीस आणि खणखणीत आवाजात म्हणायचीस, "अडली!" बस्. पुढे एक शब्द नाही. शिवी नाही, उपदेश नाही. त्या घरातली बाई दारात यायची, खाटेकडे बघायची, ओट्याकडे बघायची. पुढच्या रविवारी खाट तिथून सुटलेली असायची, किंवा नसायची. नसली तर पुन्हा "अडली!". लोकांना लाज भांडणाची नाही वाटत गं, लाज खाटेची वाटली. सगळ्या गल्लीनं बघितलेलं असतं ना, कुणाला अडली ते.

माझ्याही ओट्याला अडली होती. तू माझ्याकडे बघून जरा जास्तच मोठ्यानं ओरडलीस. भवाने, मैत्रिणीला तरी सोडायचं. सोडलं नाहीस म्हणून बाकीच्यांनी ऐकलं, हेही खरं.

पण तुझ्या स्वतःच्या घराचं जे केलंस त्यावरून मी तुला खूप बोलले होते, आठवतं? तुझं घर गल्लीच्या शेवटी, पुढे कंपाउंडची भिंत. तिथे कुणाची खाट जायची नव्हती, कुणी तुला काही म्हणणार नव्हतं. आणि तू तुझा सगळा ओटा काढलास, वर बाहेरची मोरीही आत घेतलीस. घरात मोरी घेतल्यावर राहिली किती जागा? मधुकर दोन दिवस तुझ्याशी बोलला नाही. मी आले, बघितलं, आणि म्हटलं, "वेड लागलंय का तुला? आत घर, बाहेर मैदान!" तू हात पुसत म्हणालीस, "गाडी आत आली तर बाहेर कशी जाणार? वळायला नको तिला? सगळे आत यायचा विचार करतात, बाहेर कसं जायचं ते कुणी बघत नाही." आजही आठवलं की भरून येतं. तुझ्यासारखं डोकं आणि तुझ्यासारखं मन एकाच बाईला कसं मिळतं, मला कळत नाही.

तर सगळं सुटलं. एक तात्या सोडून.

तात्यांचा ओटा गल्लीच्या अगदी तोंडाशी. शहाबादी लादी घातलेला, कडेला गोलाई दिलेला, स्वतः बांधलेला. दर रविवारी खाट तिथे जाऊन अडायची. तात्या ओट्यावर मांडी घालून पेपर वाचत बसलेले असायचे. तू म्हणायचीस, "अडली!" ते पेपर उलटायचे. एकदा मात्र पेपर खाली ठेवून बोलले, "सुजाताबाई, गिरणी गेली. आता दिवसभर मी बसू कुठे? आत बायको, बाहेर तुमची खाट. एवढा ओटा तरी राहू द्या की माणसाला." आणि मला वाटलं होतं तू फाडून खाशील त्यांना. तू तर खाट खाली ठेवलीस आणि त्यांच्या ओट्याच्या कडेला बसलीस. बराच वेळ. तात्या तिकडे, तू इकडे. मी आपली खाटेला टेकून उभी. परतताना म्हणालीस, "त्यांचंही खरं आहे गं." मी म्हटलं, मग सोडून दे. तर म्हणालीस, "त्यांचं खरं आहे म्हणून आपलं खोटं होतं का? पुढच्या रविवारी परत यायचं."

पुढचे रविवार तुझ्या तापानं खाल्ले. आधी साधा ताप, मग पिवळे डोळे, मग हॉस्पिटल. मी भेटायला आले तेव्हा तू अर्ध्या झोपेत होतीस. मला वाटलं काहीतरी मनातलं सांगशील, मधुकरबद्दल, घराबद्दल. तर डोळे उघडून म्हणालीस काय, "नले, गाडी आत आली की तू रोड म्हणशील ना?" मी म्हटलं, "आधी येऊ दे, मग बघू." चिडवलं गं तुला, नेहमीसारखं. तू हसलीस. ओठ फुटले होते तुझे, तरी हसलीस. आपलं शेवटचं बोलणं ते.

म्हणून त्या दुपारचं पुढचं सांगते, ऐक.

खाट उभी धरून तुला घेऊन पुरुष निघाले, दोन्ही बाजूंना माणसं. तात्यांच्या ओट्यापाशी आले तर खाट जात होती, पण दोन्ही बाजूंची माणसं मावत नव्हती. ओट्याच्या बाजूच्यांनी हात सोडले. खाट एका अंगाला कलली. तुझा एक हात चादरीबाहेर आला आणि त्या लादीच्या गोलाईला घासून गेला. एवढंसंच. तात्या ओट्यावर उभे होते, हात जोडून. खाली उतरायला त्यांना जागाच नव्हती. त्यांच्यामागे दारात काकू, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून. ती बाई इतकी वर्षं गल्लीत आहे, तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं.

पुढे मात्र, सुजे, तुझ्या दारापर्यंत खाट कुठे तिरकी झाली नाही. एकदासुद्धा. दोन्ही बाजूंना माणसं, आणि त्यांच्या बाजूला आम्ही बायका. सगळे ओटे मागे उभे. मी रडत होते आणि त्यातही मला वाटत होतं, झकास रुंदी आहे, सुजानं काम केलंय.

कार्यक्रम झाल्यानंतरच्या रविवारी मी मधुकरकडे गेले आणि म्हटलं, खाट द्या. तो म्हणाला, कशाला आता? मी म्हटलं, "तिनं पुढच्या रविवारी यायचं ठरवलं होतं, म्हणून." त्यानं गादी काढून दिली. मी खाट बाहेर ओढली, आणि मग लक्षात आलं, दुसरं टोक कोण धरणार? सगळ्या बायका दारात उभ्या, पण तुझं टोक धरायला कुणी पुढे येईना. भीती नव्हती ती. तुझी जागा होती ती, कोण घेणार? मी म्हटलं, ठीक आहे, फरफटत नेते. आणि नेली. लोखंडी पाय, सगळ्या फरशीवर असा काही आवाज, की अख्खी गल्ली बाहेर आली. मला राग आला होता, सुजे. तुझ्यावर, तापावर, त्या ड्रायव्हरवर, सगळ्यांवर. म्हटलं, होऊ दे आवाज.

तात्यांच्या घराजवळ पोचले आणि काकू दारातून बाहेर आल्या. पदर खोचलेला. नवऱ्याच्या शेजारून आपल्याच ओट्यावरून उतरल्या, आणि तुझं टोक उचललं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही चार पावलं तिरक्या चाललो. खाट टण्‌कन त्यांच्याच लादीला लागली.

"अडली!" काकू म्हणाल्या.

मी शपथेवर सांगते, तुझ्यापेक्षा मोठ्यानं.

तात्यांनी पेपर खाली केला. बायकोकडे बघत राहिले. काकूंनी खाट सोडली, आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या, आणि त्या गोलाईवर हाणला. लादीला काही झालं नाही. परत हाणला. तिसऱ्यांदा उचलला तसे तात्या उठून ओरडले, "अगं ए, तसा नाय फुटत तो! पाटा-वरवंटा फोडशील नि जेवायला काय घालशील? सरक!" आणि आत जाऊन पहार घेऊन आले. कोपऱ्यातून लादी उचकटली, मग दुसरी. अख्खी लादी एकही न फोडता काढली त्यांनी, भिंतीला लावून उभी केली. मधेच थांबून म्हणाले, "हात लागला होता तिचा इथे." मग परत पहार घातली. आम्ही सगळ्यांनी विटा उचलल्या. आता तात्या कुठे बसतात माहितीय? तुझ्या दारासमोर, त्या मैदानात. तिथे त्याच लाद्यांची बैठक करून दिलीय त्यांना, भिंतीला चिकटून. मधुकरला सोबत होते. पेपर दोघांत वाचतात.

आणि काल मी सासूबाईंना दवाखान्यातून आणत होते. रिक्षा तोंडाशी आली, रिक्षावाल्यानं ब्रेक मारला आणि म्हणाला, "बाई, रोडवरच सोडतो, आत गल्ली आहे." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एवढं मोठं तोंड उघडलं, आणि या वेळी बाजूला वळले नाही.

"सरळ घ्या," मी म्हटलं. "हा पण रोडच आहे."

घे. म्हटलं. झालं तुझं समाधान? पण भांडण मिटलं असं समजू नकोस. माझी भीती जिथल्या तिथे आहे. उद्या कुणी भिंतीवर लाल रेघ ओढायला आलं तर मी आधी तुझ्या नावानं बोटं मोडणार आहे, आणि मग खाट काढणार आहे. या वेळी गल्लीच्या तोंडाशी टाकणार, आणि आम्ही सगळ्या तिच्यावर बसणार. ओटे आम्ही आमच्या हातानं मागे घेतले ते गाडी दारात यावी म्हणून, दारच जावं म्हणून नव्हे. एक टोक काकू धरतील. त्यांना आता आवाज सापडलाय, त्या काही गप्प बसायच्या नाहीत.

रिक्षा आमच्या दारात थांबली. सासूबाई उतरल्या, स्वतःच्या पायानं, काठी टेकत. मी म्हटलं, इथूनच मागे घ्या. रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "रिव्हर्स कुठे जाऊ एवढं? पुढे वळायला जागा दिसतेय." आणि तो पुढे गेला, गल्लीच्या शेवटापर्यंत. तुझ्या दारासमोर त्यानं रिक्षा वळवली. मधुकर दारात येऊन उभा राहिला होता. आता आत येणारी प्रत्येक गाडी आधी तुझ्या दारापर्यंत जाणार, सुजे, मगच बाहेर पडणार.

तुझी,
नलू